पास झाल्याचं गाऱ्हाणं

कुडाळच्या स्टँडवर वालावलच्या एस.टी.ची वाट पाहताना मागच्या बाकावरचे बापलेक ऐकू येत होते. लेक मुंबईच्या एका मोठ्या कंपनीत हिशेबाची उमेदवारी करता करता परीक्षेला बसलेला.

“बाबा, मी नापास झालंय.”

“आणि ह्या आत्ता सांगतंस?”

“पत्रात लिवक धीर झालो नाय.”

“कंपनीचो हिशेब जुळवतंस, आणि तुझो पेपर जुळलो नाय?”

“कामावरसून इलंय काय पुस्तकारच झोप येय.”

“पत्र नाय म्हणजे पास, असा धरून मी गावभर सांगलंय. उद्या देवळात गुरव गाऱ्हाणा घालतलो, झिल पास झालो म्हणान. सगळे ‘व्हय म्हाराजा’ म्हणतले.”

“मी मागे खांबाआड उभो रवतलंय.”

“तू रवशीत रे. नारळ घेवन देवासमोर मीच उभो रवतलंय.”