शेवटचं कोण?

स्पेनमधल्या काडिसच्या मंडईतून इल्मा दरवेळी हात हलवतच परत यायची. फिनलंडहून शिकायला आलेली ही पोर कुणाशी बोलेल तर शपथ! आज घरमालकीण पुरीमावशींनी तिला पुन्हा मासळीला धाडलं आणि स्वतः शेजारच्या ऑलिव्हवाल्याकडे कान टवकारून उभ्या राहिल्या.

"शेवटचं कोण?" इल्माचाच आवाज. इथं रांग लागत नाही, असं विचारूनच नंबर धरायचा.

"मी," कुणी आजोबा म्हणाले.

"मग तुमच्यामागं मी."

"पाको, मला आधी बांगडे दे रे!" एक ठसकेबाज बाई मध्येच घुसली.

"बाई, आजोबांनंतर माझा नंबर."

"ए पाहुणे, माझा जन्म गेलाय या मंडईत!"

"मग शेवटचं कोण, हे विचारायला कशा विसरलात?"

सगळे खो खो हसले.

"बोल पोरी, काय देऊ?" आजोबांचं आटोपल्यावर पाकोनं विचारलं.

"बांगडे. कालचे नकोत. आणि डोकी काढून."

"बाप रे! इतकं तिखट कुणी शिकवलं?"

"पुरीमावशींनी. मीठ जास्त झालं तरी भांडतात, कमी झालं तरी भांडतात."

ऑलिव्हवाला हळूच म्हणाला, "मावशी, तुमचे वाभाडे काढतेय की ती!"

"काढू दे. किती झकास काढतेय बघ!"