शंभर टक्के तपासणी

शारदा : शाळेचा दाखला राहू द्या मॅडम, निशाले आता तो काय कामाचा? तुम्ही खाटेवर बसा अन् मले या कार्डाचं सांगा.

वंदना : कुठलं कार्ड, ताई?

शारदा : पोळ्याच्या आधी शाळेत डॉक्टर येल होते ना, त्या तपासणीचं. काल भाच्याकडून वाचून घेतलं. पोरीचं वजन एक्केचाळीस लिहेल हाये. दिवाळीत इंदूरले भरती केली तवा एकोणतीस भरली.

वंदना : आजारात वजन उतरतं.

शारदा : बारा किलो? रोज तिची वेणी मीच घालत होती. मले दिसलं नसतं?

वंदना : थोडं पाणी देता?

शारदा : देते. आधी बोला. खाली लिहेल हाये, हृदय ठीक. इंदूरचे डॉक्टर म्हणे, झडप दोन-तीन सालापासून खराब हाये, कोणी कान लावून ऐकलं असतं तरी समजलं असतं. मग तुमच्या डॉक्टरले कसं नाही समजलं?

वंदना : डॉक्टरांची चूक नाही.

शारदा : मग कोणाची?



वंदना : निशा त्या दिवशी शाळेत नव्हती.

शारदा : मी स्वतः डबा देऊन पाठवली होती.

वंदना : पोहोचली नाही. वरून ऑर्डर होती, तपासणी शंभर टक्के झाली पाहिजे. टीमला दुपारी दुसऱ्या गावी जायचं होतं, आणि आमच्या वर्गात एकच नाव रिकामं राहत होतं. मी वर्गातल्याच अमृताला परत लाईनीत उभं केलं. निशाच्या नावानं. आम्ही असंच करतो, ताई, वर्षानुवर्षं. कधी काही झालं नाही, म्हणून कधी काही वाटलं पण नाही.

शारदा : म्हणजे ते वजन अमृताचं?

वंदना : वजन, डोळे, छाती, सगळं तिचंच.

शारदा : निशानं सांगितलं होतं मले. म्हणे, आई, अर्ध्या रस्त्यात दम लागला, मारुतीच्या ओट्यावर बसून राहिली, माझी तपासणी झालीच नाही. मी म्हटलं, कार्ड तं तुझ्याच नावाचं भेटलं, मॅडम काय खोटं लिहितील? कामाच्या वक्ताले बरा तुले दम लागतो. केळीच्या बागेत नेलं तं बांधावर बसून जाय. दोन चापटा देल्या मी तिले, मॅडम. कामचोर म्हटलं. त्याच्यानंतर तिनं दमाचं नावच काढलं नाही.

वंदना : मला पण येऊन म्हणाली होती, मॅडम, माझं राहिलं. मी म्हटलं, पुढच्या साली करू.

शारदा : दोघींले सांगितलं पोरीनं. अजून कोणाले सांगायचं होतं तिनं?

वंदना : मी लिहून देईन, ताई. माझ्या हातानं, माझ्या सहीनं. नोकरीचं जे व्हायचं ते होऊ दे.

शारदा : द्या. लिहून द्या. मी नाही नको म्हणणार.

वंदना : पण आज मी त्यासाठी नव्हते आले. दाखला फक्त निमित्त होता. एक मागायला आले, आणि मागायचं तोंड नाही मला.

शारदा : काय?

वंदना : अमृता तीन आठवडे शाळेत आली नाही. खात नाही, कोणाशी बोलत नाही. शाळेत महिन्यातून एकदा एक मॅडम येतात, पोरांचं मनातलं ऐकायला. त्यांना मी घरी घेऊन गेले. त्यांच्याजवळ ती एकच गोष्ट बोलली. म्हणे, निशाच्या जागी मी उभी राहिले म्हणून निशा गेली.

शारदा : तेराव्याले आली होती. दारातूनच परत गेली. मले वाटलं, भ्याली.

वंदना : मी किती समजावलं, चूक माझी आहे. माझं ऐकत नाही.

शारदा : तुमचं कसं ऐकेल ती?

वंदना : त्या मॅडम म्हणाल्या, निशाच्या आईनं जवळ घेतलं तर कदाचित ऐकेल. मी उद्या तिला घेऊन येऊ का?

शारदा : तुम्ही नका येऊ. तुमच्याकडं पाहून मले आज काही सुचत नाही. तिले एकटीले पाठवा, जेवायले. मी सांगेन तिले.

वंदना : काय सांगाल?

शारदा : मॅडम म्हणाल्या उभी राहा, तू राहिली. माझी निशाबी राहिली असती.