पेगीचा पान्हा

—नाही नाही, पुढून नको, पोरी, पुढून नको आणूस शिंगराला. बाजूनं आण. डोळ्यांपुढं आलं की ती आधी बघणार, मग वास घेणार, मग कान पाडणार — आणि आमच्या या घोडीनं, पेगीनं, एकदा कान पाडले की पोप आला तरी ऐकायची नाही. हां, अस्सं. धर तिथंच, बरगडीपाशी. कसं थरथरतंय बघ. त्याची आई कधी गेली म्हणालीस? पहाटे? आणि तेव्हापासून पोटात काही नाही? बाटली घेत नाही ना — नाहीच घ्यायचं. असली मोठ्या खानदानाची शिंगरं मरतील पण रबर चोखायची नाहीत. थांब, परका वास कळू नये म्हणून हे मलम आधी पेगीच्या नाकपुड्यांत फासते. निलगिरीचं आहे, आमच्या फिंटनच्या छातीला चोळते तेच. फिंटन म्हणजे माझा मुलगा — मघाशी तू ट्रेलर मागं घेताना ओरडत होता ना, तो. मनावर घेऊ नकोस. त्याला आज सगळ्यांवरच ओरडायचंय.

कातडं? कातडं कसलं — अगं हो, कातडं. तुला ठाऊक आहे म्हणायचं! तुमच्या त्या घोडेपैदाशीच्या स्टडवर शिकवतात वाटतं अजून. बरोबर आहे तुझं. मेलेल्या शिंगराचं कातडं काढायचं, पोरक्याच्या पाठीवर बांधायचं, घोडीला आपल्याच पोराचा वास येतो, ती फसते. फसते म्हणजे, फसवून घेते, असं आमचा कॉन म्हणायचा. माझा नवरा. गेला तो. पण आमच्याकडं कातडं नाही गं. पुरलं ना शिंगरू. लगेच पुरलं फिंटननं, तिकडं खालच्या कुरणात. — हो, पाणी भरलंय तिथं, दिसतंय मला, म्हातारी असले तरी आंधळी नाही. पाणी नंतर भरलं. तू हात घाल त्याच्या पोटाखाली, उचल जरा. मी पेगीची लीद थोडी पाठीला चोळते त्याच्या. नाक नको मुरडूस, ग्रॉनिया — ग्रॉनियाच ना तू? — राजाची पोरंसुद्धा शेणातूनच मोठी होतात.

मिसेस टूहीचा फोन आला तेव्हा मी पाव भाजत होते. घोडेवाल्यांच्या संघटनेचा फोन! कॉन गेल्यापासून पहिल्यांदा. तुम्हा पोरींना संघटना म्हणजे काय वाटत असेल — टोप्या घातलेली बडी माणसं, वळू घोडे फिरवून दाखवायचे, जेवायचं, चषक वाटायचे. ते आहेच. पण शिंगरांच्या दिवसांत संघटना म्हणजे मिसेस टूही आणि तिचा फोन, बाकी काही नाही. तीन काउंट्यांत कुणाची घोडी मेली, कुणाचं शिंगरू मेलं, सगळं तिच्या कानावर येतं, आणि ती जुळवते. इकडची भरली कास, तिकडचं रिकामं पोट. लग्नं जुळवणारी बाई परवडली, तिला निदान दोन्ही घरी रडणारी माणसं भेटत नाहीत. आमच्या पेगीनं एकदा असंच एक वाढवलं. लालसर, लांबट पायांचं, भांडखोर. मोठेपणी शर्यत जिंकलं ते! संघटनेच्या कचेरीत फोटो लावलाय, कॉन आणि पेगी आणि ते कार्टं. मीपण आहे. म्हणजे माझा हात आहे, दावं धरलेला. बाकीची मी चौकटीबाहेर गेले.

तर फोनवर म्हणते, "डेलिया, तुमच्याकडं पान्ह्यावरची घोडी आहे का गं, शिंगरू गेलेली? सगळीकडं विचारलं, कुण्णी नाही." आवाज रडवेला. मला विचारत होती हं, मला! कॉनला नाही, फिंटनला नाही. आणि माझ्या तोंडून —

ए, थांब, शेपटी बघ तिची! शेपटी झटकतेय. दावं आखूड धर. लाथ मारायची नाही ती, नुसती धमकी आहे, आमच्या सासूसारखी. हो, पेगी, हो गं माझी बाय. काय बघतेस दाराकडं? काही नाही तिकडं. सकाळपासून तिकडंच बघतेय ही.

ती बादली? ती — वासराची. दूध आहे, हो. गाय कुठाय म्हणजे? शेजाऱ्यांची. शेजाऱ्यांचं वासरू आहे, आमच्याकडं ठेवलंय. तू शिंगराकडं बघ ना, पोरी, बादलीकडं काय बघतेस! तोंड पुढं कर त्याचं. अजून. मी आचळ पिळून ओठांवर सोडते चार थेंब. घे रे राजा. घे. चाटलं का? चाटलं! अगं बाई, लागलं! लुचायला लागलं बघ! ऐक तो आवाज — चुटूक चुटूक — चर्चमधल्या बाजापेक्षा मला हा आवडतो, पाद्रीबाबा ऐकत नाहीयेत तोवर सांगते. बघ शेपटी कशी हलतेय त्याची. आणि पेगीनं पान्हा चोरला नाही, सोडलाय. मघाशी हे मरायला आलं होतं की नाही? खरं सांग. तासाभरात गेलं असतं. मग मी काय वाईट केलं?

नाही, तसं नाही, वाईट म्हणजे — आमच्या संघटनेत एक नियम आहे. आई लावून द्यायची तर तिचं स्वतःचं पोर मेलेलंच हवं. जित्या पोराच्या तोंडचं काढून दुसऱ्याला द्यायचं नाही, मग दुसरं कितीही मोठ्या बापाचं असो. हा नियम कुणी आणला ठाऊक आहे? आमच्या कॉननं. भर सभेत उभा राहिला, टोपी हातात चुरगाळत. तरणा असताना एका स्टडवर कामाला होता. तिथं गावठी घोड्या आणायच्या, त्यांचं दूध भारीच्या शिंगरांना, आणि त्यांची स्वतःची पोरं मागच्या वाड्यात. बस्स, मागच्या वाड्यात. पुढं काय व्हायचं ते त्यानं मलाही कधी सांगितलं नाही, पण म्हणायचा, "डेलिया, ती हाका मारायची गं. आणि इकडून आया ओ द्यायच्या." सगळ्या बड्यांनी हात वर केले त्या दिवशी. मी पहिल्या रांगेत होते. मीपण केला होता हात वर.

— हे? हे काही नाही. वारा आहे. जळणाचं टर्फ ठेवतो त्या खोपटाचा पत्रा वाजतो असा वाऱ्यात.

पेगी! उभी राहा! पेगी, नको, नको ओ देऊस — अगं तिला धर, ते पडेल, धर ना! आचळ सुटलं त्याच्या तोंडातून. दूध बघ कसं गळतंय, पार दगडांवर. ते त्याच्यासाठी नाही गळत. खिंकाळी ऐकली की असंच गळतं.

काय बघतेस माझ्याकडं? हो. पत्रा खिंकाळत नाही. मला ठाऊक आहे पत्रा खिंकाळत नाही.

पेगीचाच तो, जिता. काळापांढरा आहे. डोक्यावर पांढरी टोपी, म्हणून बिशप म्हणते मी त्याला. फिंटन म्हणाला होता, आई, नाव ठेवू नकोस, नाव ठेवलंस की तुझ्याच्यानं व्हायचं नाही. आणि काय म्हणाला ठाऊक आहे? "बापाचा नियम आहे, आई, बापाचा!" खोपटाला हात लावायला तयार नव्हता. बिशपला मीच ओढत नेलं. कडी मीच लावली. मला वाटलं, गावठी घोडीचं पोर, ना वंशावळ ना कागद, बादलीतून पिईल की. असली पोरं काहीही पितात, काहीही खातात, जगतात. आणि हे तुमचं खानदानी जगणार नाही. हिशेब बरोबर होता की नाही? तू सांग. तू शिकलेली आहेस, तू सांग.

हो, बादली भरलेली आहे. दिसतंय मला. सकाळपासून तोंड लावलं नाही त्यानं.

दोघांना? नाही गं पोरी. गावठी असो नाहीतर खानदानी, घोडीला जुळं झालं तरी त्यातलं एक जातं. आचळं दोनच, आणि दूध एकाच्या पुरतं. दोन्ही लावशील तर दोन्ही खंगतील. मला हे कळत नव्हतं असं नाही. मला सगळं कळत होतं. पण तिनं विचारलं गं मला, "डेलिया, आहे का?" — आणि आहे म्हणायला किती बरं वाटलं. हे तू मिसेस टूहीला सांगू नकोस. बाकीचं सांग. फोन काढलास ना, लाव, सांग तिला, डेलिया हॅकेट खोटं बोलली. दुसरी घोडी शोध म्हणावं. सापडली तर.

नाही? मग काय करतेस? — खोपटाकडं जातेस? जा. जा, उघड. कडी आधी वर उचल, मग ओढ, जाम बसते ती. मी नाही येत. माझ्याच्यानं नाही व्हायचं, बिशपचं तोंड मला बघायचं नाही. आणि चिखलातून सांभाळून जा, तिथं घसरतं. हळू जा म्हणते, पोरी. हळू.

ये रे राजा. उठ. इकडं, हे बघ, आहे अजून. पेगी, उभी राहा, एवढंच, माझ्यासाठी. घे तोंडात. घे. पी. लवकर लवकर पी, बाळा, ती पोर अजून अंगणातच आहे, कडीपाशी पोचली नाही.