स्पीकरची दुसरी वायर

...आणि गॅरेजवाला म्हणे, गाडीच्या टेपमधली आयसीच, ती आवाज वाढवणारी चिप, डुप्लिकेट! एक नाही, दोन जळाल्या, आणि दोन्ही डुप्लिकेट? तुम्हीच सांगा, ओळीने दोनदा वरण करपलं तर दोष डाळीचा असतो का हो? पण बोलणार कोण... मी काय, घरीच असते.

तुम्हाला सांगते, ह्याच त्र्याण्णवच्या दिवाळीत माझ्या नवऱ्याने, परागने, सेकंडहँड फियाट घेतली. तिच्यातला जुना टेप बरा वाजायचा, आणि तो वाजत असला तरच आमची आठ महिन्यांची अनुष्का गाडीत झोपायची. दुसरीकडे कुठेही नाही, पाळण्यात नाही, माझ्या मांडीवरसुद्धा नाही! पण परागला आवाज पाहिजे दणदणीत. दिली गाडी सिल्व्हर पार्कच्या गॅरेजवाल्या परेशभाईंकडे, नवा टेप बसवायला. बसवला, लावला, धूर. आयसी बदलली, परत धूर. पंधरा दिवस पोर माझ्या कडेवर, आणि मी उभ्यानेच जेवतेय.

परेशभाई म्हणाले, तिसरी आयसी शेवटची, ही गेली तर टेप भंगारात. पराग ऑफिसात, म्हणून मी गेले, कडेवर अनुष्का. बघते तर काय, नवा टेप आणि वायरिंग जुन्या टेपचं! स्पीकरची एक वायर टेपला, दुसरी सरळ गाडीच्या पत्र्याला. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा आहे हो माझा, दोन वर्षं कंपनीत बोर्ड तपासलेत. पण ते कधी, बाळाआधी! आता डोक्यात नुसत्या लसींच्या तारखा. चुकलं तर? आयसी जाईल ती जाईल, वर पराग जन्मभर ऐकवेल... तरी तोंडातून निघालंच, "परेशभाई, ये दूसरा वायर बॉडी को मत लगाओ."

त्यांनी मान वर न करताच सांगितलं, "भाभी, बीस साल से बॉडी को ही लगाता हूँ. आप बेबी को संभालो."

बरोबर आहे. मी काय, घरीच असते.

पण मीटर समोरच पडला होता. म्हटलं, स्पीकर जोडू नका, नुसता टेप चालू करा. एक वायर ते पत्रा, सहा व्होल्ट. दुसरी वायर ते पत्रा, तीही सहा! दोन वायरींमध्ये शून्य. म्हणजे दुसरी वायरही जिवंत, पत्र्याला लावली की शॉर्ट! परेशभाईंनी मीटर ठोकून पाहिला, उलटा करून पाहिला. मीटर बिचारा सहावरच.

मग सांगितलं मी, अर्धं हिंदीत, अर्धं हातवारे करून. जुन्या टेपात स्पीकरला एकच बाजू ओढायची. ह्या आयसीत आउटपुटला दोघी आहेत. धुतलेली चादर दोघी जणी पिळतात ना, एक इकडून, एक तिकडून? म्हणून तर त्याच बारा व्होल्टांत जास्त आवाज निघतो. आता त्यातल्या एकीचा हात तुम्ही खिडकीच्या गजाला बांधलात, तर चादर पिळली जाईल की बाईचा खांदा निखळेल?

परेशभाईंनी मीटर खाली ठेवला. मग हळूच, "मतलब... दोनों आयसी का खांदा मैंने निकाला?"

मी अनुष्काचं टोपडं नीट केलं. काही उत्तरं न देण्यातच मजा असते.

दोन्ही स्पीकरना स्वतंत्र वायरी ओढल्या, पत्र्याला एकही नाही. टेप लावताना मी डोळे मिटले, नाकाने मात्र वास घेत होते... आणि काय वाजला म्हणून सांगू! काच थरथरली, पलीकडच्या लाँड्रीतली बाई बाहेर आली, आणि आयसी नुसती कोमट! अनुष्काने उभ्या गाडीत, भरदुपारी, माझ्या खांद्यावर मान टाकली. मला वाटलं, डिप्लोमाचं भेंडोळं ट्रंकेतून काढून फ्रेम करावं.

संध्याकाळी पराग गाडीत बसला, आवाज वाढवला आणि म्हणाला, "मी म्हणतच होतो, वायरिंगचाच घोटाळा असणार."

असू दे. परेशभाईंनी मात्र मोठ्या मनाने गावभर सांगितलं. आता चौकातल्या धाकूभाऊंच्या टेम्पोचा टेप माझ्याकडे, शेजारच्या इंदुबाईंचा मिक्सर माझ्याकडे, कुणाकुणाची इस्त्रीसुद्धा. सगळे नेमके अनुष्काचा डोळा लागला की येतात, म्हणून परवा बेलची वायर मीच काढून ठेवली. तर आता दार बडवतात. विचारलं, आधी कळवून तरी यायचं, तर म्हणतात, कळवायचं कशाला... तुम्ही काय, घरीच असता!