बीपकाका आणि माझ्या सात गिटारी

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष, आपल्या रुग्णालयाच्या अधीक्षक डॉक्टर मॅडम. व्यासपीठावर विराजमान कान-नाक-घसा विभागाचे प्रमुख. सत्कारमूर्ती बीपकाका आणि त्यांच्या शेजारी संकोचून बसलेल्या काकू. परिचारिका भगिनी, तंत्रज्ञ बंधू, आणि चहा कधी येतो म्हणून दाराकडे डोळे लावलेले औषध भांडारातले माझे सहकारी, सर्वांना नमस्कार.

मला बोलायला उभं करण्यामागे संयोजकांचा काय डाव आहे, ते मी शोधून काढीनच. अठ्ठावीस वर्षं मी भांडार सांभाळतो. आलेली प्रत्येक बाटली फिरवून मुदत बघायची, आणि आणणारा माणूस हसत असेल तर पुन्हा एकदा बघायची. अशा माणसाने कौतुकाचं भाषण करावं? पण काकांवर मी जेवढा संशय घेतला, तेवढा या इमारतीत कुणावरच घेतलेला नाही. त्या अर्थाने आमचं नातं फार जवळचं.

श्रवण तपासणीच्या बंद खोलीत माणसाला काचेपलीकडे बसवून काका सांगतात, "बीप ऐकू आला की बटण दाबा." म्हणून ते बीपकाका. दर शनिवारी चार वाजता धुलाई विभागाच्या वरच्या खोलीत आपला वाद्यवृंद जमतो. तिथे काका गिटार वाजवतात. मीही वाजवतो. फरक एवढाच, की काकांकडे एक गिटार आणि तिचा आवाज मोठा करणारा एक ॲम्प, दोन्ही नोकरीच्या पहिल्या वर्षी घेतलेली. माझ्याकडे गिटारी सात आणि पायाने दाबायचे पेडल एकोणीस. एका गिटारीवर माणूस सुखाने जगतो, हे मला पटेना. हा नक्की काहीतरी लपवतोय!

मी का घेत होतो इतक्या? कारण आवाज दबलेला यायचा. तारा छेडाव्यात आणि कुणीतरी वरून जाड चादर टाकावी, तसा. नवीन गिटार चार दिवस बरी वाटायची, पाचव्या दिवशी पुन्हा चादर. मी तारा बदलल्या, वायरी बदलल्या. दुकानदार दुरुस्त केलेला माल नवा म्हणून माझ्या गळ्यात मारतो, असं मी त्याला तोंडावर सांगून आलो. घरी बायको विचारायची, "ही कुठली?"

"जुनीच."

"तुमची जुनी गिटार दर दोन महिन्यांनी रंग कसा बदलते हो?"



त्यातच माझ्या लक्षात आलं, की काका चहाच्या सुट्टीत माझ्या ॲम्पमागे जातात, वाकून बघतात आणि खिशातल्या छोट्या वहीत काहीतरी टिपतात. हा माणूस माझा आवाज चोरतोय, दुसरं काय? मी भांडारातली युक्ती केली. ट्रेबलच्या, म्हणजे उंच सूर वाढवायच्या बटणाशी पेन्सिलीने बारीक खूण केली, आणि चहाला जाऊन परत आलो. बटण दहावरून सहावर.

"काका, तुम्ही माझ्या ॲम्पला हात लावता?"

"लावतो."

इतका सरळ कबुलीजबाब आला की संशय दुणावलाच. "का?"

"बाकीच्यांचे कान दुखतात." आणि बालविभागाच्या सिस्टर, आपल्या गायिका, खाली मान घालून म्हणाल्या, "खरंच दुखतात हो." म्हणजे कटात त्याही!

काकांनी वही उघडली. दीड वर्षाच्या तारखा, आणि प्रत्येकीपुढे माझ्या ट्रेबलचा आकडा. चार, पाच, पाच, सात, आठ, दहा. "नव्या गिटारीगणिक आकडा वर गेलाय," ते म्हणाले. "सोमवारी माझ्या खोलीत या."

मी गेलो नाही. श्रवणयंत्रं विकणाऱ्याशी यांचं साटंलोटं असणार, हे मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं. अध्यक्ष मॅडम, हे मी भर सभेत कबूल करतो आहे, याची नोंद व्हावी.

तीन आठवड्यांनी भांडारात आमच्या फार्मासिस्ट बाई धावत आल्या. "सर, लसींचा फ्रीज केव्हाचा ओरडतोय!" मी त्या फ्रीजपासून दोन पावलांवर बसून चलनं तपासत होतो. कुठे ओरडतोय? मी काय म्हटलं असेल? मी म्हटलं, "अलार्म बिघडलाय, मेकॅनिकला बोलवा." मेकॅनिक आला, उभा राहिला, माझ्याकडे बघत राहिला. "साहेब," तो म्हणाला, "वाजतोय की."

लसी वाचल्या. थोडक्यात वाचल्या. पण बाई त्या वेळी रजेवर असत्या तर? मी तसाच उठून काकांच्या खोलीत गेलो.

काचेपलीकडे बसलो, कानाला हेडफोन. सुरुवातीचे बीप आले, मग शांतता. काकांचं बोट मात्र हलताना दिसत होतं. आता खरं सांगतो, मी बोट बघून बटण दाबायला लागलो. दोन-तीनदा दाबलं. काकांनी यंत्र थांबवलं, दार उघडलं.

"शेवटचे तीन मी वाजवलेच नव्हते."

"काका, तुम्ही मला फसवलंत!"

"सुरुवात कोणी केली?"

मग त्यांनी आलेख समोर ठेवला. रेघ उजवीकडे, म्हणजे उंच सुरांकडे, घसरगुंडीसारखी खाली गेलेली. काका म्हणाले, "गिटारी चांगल्या आहेत. सातही चांगल्या आहेत." इतक्या हळुवारपणे मला कुणी वाईट बातमी दिलेली नाही.

अर्थात मी आणखी दोन ठिकाणी तपासून घेतलं. दोन्हीकडे तीच घसरगुंडी! यंत्र कानात आलं. पहिल्या संध्याकाळी सातही गिटारी ओळीने वाजवल्या, बायको समोर बसून होती. एक ठेवली, सहा दिल्या. दुकानाच्या काचेपुढून जाताना अजून पाय अडखळतो, ते लपवत नाही.

आता ज्या गोष्टीसाठी मी उभा आहे ती. काकांच्या निवृत्तीला अजून दोन वर्षं आहेत. मग आज निरोप कसा? सगळ्यांनी 'आता आराम करा' म्हणून हात मिळवले. हे मला काही पटेना. गेल्या शनिवारी मी त्यांना जिन्यात गाठलं. त्यांनी जे सांगितलं, ते त्यांच्या परवानगीने सांगतो.

"तुम्हाला वाटतं मी समाधानी माणूस," काका म्हणाले. "मलाही नवीन गिटार घ्यावीशी वाटायची. पण एकच गिटार, एकच ॲम्प ठेवला, बटणं जागची हलवली नाहीत. म्हणजे आवाज बदलला, तर वस्तू नाही, आपण बदललो, हे कळतं. वर्षभर झालं, मला तो ॲम्प मंद वाटतोय."

मी म्हटलं, "यंत्र लावा. मी नाही का लावलं?"

"लावणारच आहे. पण मागच्या महिन्यात एक लहान मुलगी काचेपलीकडून 'ऐकू आलं' म्हणाली, ते मला ऐकूच गेलं नाही, आणि मी कागदावर 'नाही' अशी खूण केली. तिची आई शेजारी होती म्हणून चूक कळली. दुसऱ्या मुलाच्या वेळी आई बोलली नाही तर?"

मंडळी, त्यांना कुणी जा म्हटलं नव्हतं. त्या आईखेरीज त्यांची चूक कुणी पकडली नव्हती. तपासायला मी असतो तर मलाही सापडली नसती. त्यांनी स्वतःच स्वतःवर संशय घेतला, आणि स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज लिहिला. मी आयुष्यभर जगावर शंका घेत आलो. माझ्या स्वतःच्या कानांपर्यंत मात्र ती पोचायला सात गिटारी लागल्या.

काका, नोकरी सोडा, शनिवार सोडू नका. काकू, त्यांना चारच्या आत पाठवा.

अध्यक्ष मॅडमनी बोलायची संधी दिली, आपण सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, त्याबद्दल मनापासून आभारी आहे. सिस्टर, तो दुकानदार, आणि ज्यांच्यावर मी विनाकारण शंका घेतली ते सगळे, यांनी मोठ्या मनाने माफ करावं. बोलण्याच्या भरात कुणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल किंवा एखादा शब्द जास्तीचा गेला असेल, तर तोही पोटात घालावा. नमस्कार.