जळलेले सहा

मंडळी, मला सांगा, देव पक्षपात करतो का? नाही? देवळात बसलात म्हणून 'नाही' म्हणताय! घरी उशीत तोंड खुपसून काय म्हणता? "माझ्याच वाट्याला का?" हेच ना? मग ऐका!

ठोंबरे मास्तर गणित शिकवायचे. त्यांची लेक हेमांगी, चाळिशीची. दर रविवारी बापलेक ल्युडो खेळायचे, लाकडी फाशानं. पुढं मास्तरांच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं. डॉक्टर म्हणाले, "दहातले नऊ बरे होतात." हेमांगीनं सही केली. आणि मास्तर दहावे निघाले!

लेक रडली नाही, मंडळी. गोठली. "माझ्या सहीनं बाबा गेले," एवढंच म्हणायची.

तेराव्यानंतर तिनं फासा काढला. बाबा म्हणायचे, "फासा खरा असेल तर सगळ्या बाजू सारख्याच पडतात. फक्त पुष्कळदा टाकायला हवा." बघूच! हे खरं निघालं तर डॉक्टरांचे दहातले नऊही खरे, आपली सहीही शहाणपणाची. खोटं निघालं तर? तर सगळंच खोटं!

रोज फासा टाकायची, पडेल त्या आकड्यापुढं वहीत रेघ मारायची, दोनशे रेघा भरेपर्यंत. पहिल्या साठात तीन पडले अठरा वेळा, एक पडला चारदा! "बघा बाबा, तुमचं गणित!" पण हात थांबेना. महिन्यात सहा हजार रेघा झाल्या. आणि काय सांगू, तो वेडावाकडा फासा ओळीनं उभा राहिला! एक पडला एक हजार अठरा वेळा, दोन पडले एक हजार तीन वेळा, तीन पडले एक हजार पंचवीस वेळा... अहो, फाशाला डोळे नाहीत! मघाशी काय पडलं ते त्याला आठवत नाही! मग हजाराची वाट त्याला दाखवली कुणी? हेमांगीच्या अंगावर काटा आला.

पण सहा? नऊशे एक्केचाळीस!

"खोटा आहे!" फासा मुठीत धरून ती विहिरीकडे निघाली. पडवीत कुशाआत्या, मास्तरांची धाकटी बहीण, वाल सोलत बसलेली.

"थांब गं. माझ्यासमोर टाक."

वही आणून ती टाकत गेली, रेघा मारत गेली. बऱ्याच वेळानं आले सहा. पुन्हा सहा. पुन्हा सहा! हेमांगीनं मारलेल्या दोन रेघा खोडल्या, तिसरी मारलीच नाही.

"अगं, हे काय?"

"सलग तीन सहा जळतात, आत्या, धरायचे नसतात. बाबांचा नियम."

"खेळात जळतात, बाये! पडले ते पडलेच ना? महिनाभर असेच खोडलेस, म्हणून सहा कमी भरले!" आत्यानं वाल बाजूला सारले. "आणि मोतीबिंदूच्या वेळी सही कुणाची होती? हर्नियाच्या वेळी? दादा दोन्ही वेळा हसत घरी आला. त्या सह्या कुठं लिहिल्यास?"

हेमांगीनं वही ओढली. नवं पान काढलं. पुन्हा महिनाभर टाकला फासा, एकही सहा न जाळता. सहा किती भरले? एक हजार सहा!

तेव्हा ती रडली, मंडळी. वही उराशी धरून रडली. बाप परत आला नाही. पण सही निर्दोष सुटली.

आता तुमचं बोला! काल रात्री निजलात, आज उठलात, लिहिलंत कुठं? घरातलं माणूस सकाळी गेलं, संध्याकाळी आलं, मारलीत रेघ? दुःखाच्या तेवढ्या रेघा ठळक, आणि सुखाचे सहा जाळून टाकता! मग त्याला विचारता, पक्षपाती आहेस का!

घरी जा. वही उघडा. जाळलेलं आठवा. आणि आता टाळ उचला, त्याचं नाव घ्या. ते मात्र मोजू नका!