डॅरेन म्हणतो

२०११ साली आयर्लंडमधल्या नावन गावच्या हॉस्पिटलात, एक्स-रेच्या खोलीबाहेर, माझ्या शेजारी एक मराठी जोडपं बसलं होतं. फुटबॉलच्या मॅचमध्ये त्यांच्या मुलीचा हात मोडला होता.

“आत एकालाच सोडणार म्हणाले, तर ऋताने कोचचं नाव घेतलं. बाप समोर उभा असताना!”

“चारू, ती पडली तेव्हा डॅरेनच होता तिथे. आपण नंतर पोचलो.”

“रोज डॅरेन. डॅरेन म्हणतो दूध पी, की लगेच पिते. मी वर्षभर सांगतोय.”

“इंग्लंडमध्ये पंधरा वर्षं प्रोफेशनल खेळलाय तो. बॅक, मिडफील्ड, फॉरवर्ड. एकदा गोलकीपर जखमी झाला, तर गोलमध्येसुद्धा.”

“एकाही जागेवर टिकला नाही, असं म्हण.”

“टीमला जिथे माणूस कमी पडला तिथे उभा राहिला, असं ऋता म्हणते.”

“बघ, तुलाही पाठ झालंय! मीही कॉलेजच्या टीममध्ये होतो, योगिनी. कधी विचारलं तिने?”

“तू कधी सांगितलंस?”

दार उघडलं. ट्रॅकसूटमधला एक माणूस बाहेर येऊन इंग्रजीत म्हणाला, “हाड बसवायचंय. ती म्हणते, बाबांना पाठव. माझ्यासमोर तिला रडायचं नाहीये.”

चारूने कोट बायकोच्या मांडीवर टाकला आणि तो जवळजवळ धावतच आत गेला.

डॅरेन त्याच्या खुर्चीत बसला. बंद दाराकडे बघत त्याने योगिनीला विचारलं,

“घरी ती माझं नाव काढते का हो कधी?”

“रोज,” योगिनी म्हणाली. “आत्ता आत गेले ना, त्यांना विचारा.”